राबत्या अंगाची मशागत

“दिवसभर शेतांत राबतों, ओझीं वाहतों, मग आणखी जोर-बैठका कशाला काढावयाच्या?” शेतकऱ्याला व्यायामाची गोष्ट सांगावयास जावें तर हा प्रश्न हटकून ऐकावा लागतो. लोहार घणाकडे बोट दाखवितो, सुतार रंध्याकडे दाखवितो, आणि बायाबापड्या तर नुसत्या हंसतात. प्रश्न रास्त आहे. ज्याचा घाम रोज उन्हांत वाळतो त्याला पुन्हां घाम गाळावयास सांगणारा मनुष्य एक तर बसून खाणारा असला पाहिजे, नाहीं तर त्याला कांहीं तरी विकावयाचें असलें पाहिजे. आम्ही खेड्यांतील शाळामास्तर. आमच्याजवळ विकावयास कांहीं नाहीं. म्हणून या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस हरकत वाटत नाहीं.

राबणें आणि व्यायाम करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. राबतांना काम हें मालक असतें आणि अंग हें गडी असतें. व्यायामांत अंग मालक होतें. खुरपणारी बाई सहा-सहा तास पुढें वाकलेली असते. तिच्या कंबरेला आणि पाठीच्या खालच्या भागाला ताण बसतो, छाती आंखडते, आणि मान खालीं तर खालींच. शिंपीदादाची मान यंत्रावर, सोनाराची ऐरणीवर, चांभाराची रापीवर. लोहाराचा एक खांदा दुसऱ्यापेक्षां भरलेला दिसतो तो कांहीं बळाचा दागिना नव्हे. पन्नाशीनंतर तोच खांदा रात्रीं झोंपूं देत नाहीं. कामाला पाहिजे तेवढाच अवयव काम ओढून घेतें आणि बाकीचे तसेच गंजत ठेवितें. शिवाय काम थांबत नाहीं. दम लागला, छाती धडधडली, म्हणून मुकादम कोयता खालीं ठेवूं देत नाहीं.

हें आमचें तर्कट नव्हे. डेन्मार्क देशांत एक लाखाहून अधिक माणसांची वर्षानुवर्षें पाहणी करून २०२१ सालीं विद्वानांनीं निष्कर्ष छापला. त्यांत फुरसतीच्या वेळीं व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी झालेले आढळले, आणि पोटासाठीं जड अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र तसा लाभ न होतां उलट धोका वाढलेला दिसला. यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे, तो चालूं द्या. पण ऊसतोडीच्या फडावर ज्यानें एक हंगाम काढला आहे त्याला त्यांत नवल वाटणार नाहीं.

आणि खरें सांगावयाचें तर आतां पूर्वींचें राबणेंहि सर्वांच्या वांट्याला उरलेलें नाहीं. नांगरट ट्रॅक्टरनें होते, मळ्यांत जावयाला मोटारसायकल आहे, पाण्याची मोटर मोबाईलवरून चालूं करतां येते. बाईच्या वांट्याचें खुरपें सुटलेलें नाहीं. बाप्याच्या वांट्याचा नांगर मात्र सुटला. चहांतली साखर तेवढी कोणी सोडली नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभरची पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली; तींत देशांत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि खेड्यांतहि शंभर प्रौढांमागें जवळजवळ नऊ. “साखरेचा रोग हा शहरांतल्या शेठजींचा” असें म्हणून मिशीवर हात फिरविण्याचे दिवस गेले.

आतां तेलाची गोष्ट. आपण आपल्या बैलाला जितकें ओळखतों तितकें स्वतःच्या अंगाला ओळखत नाहीं. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी होते. जोखडानें घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तेल चोळतात, ते शेकतात, आणि सणाच्या दिवशीं बैलाला जुंपीत नाहींत. मुक्या जनावराच्या खांद्याचें दुखणें ज्याला कळतें त्या धन्याला विचारून पाहा, कीं बाबा, तुझ्या खांद्याला तेलाचा हात शेवटचा केव्हां लागला? दिवाळीच्या पहिल्या आंघोळीखेरीज दुसरा दिवस बहुतेकांना आठवणार नाहीं. पुष्कळांना तर एकदम लग्नांतली हळदच आठवेल. बैलाला वर्षाकाठीं एक तरी दिवस ठरलेला आहे; माणसाला तोहि नाहीं.

व्यायाम आणि मालिश यांची जोड कोणा साहेबानें शोधून काढलेली नाहीं. ती आपल्या तालमींत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं पैलवानांना आश्रय दिला, तालमी जागत्या ठेविल्या, आणि १९१२ सालीं खासबागचें कुस्त्यांचें मैदान पुरें झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या तालमींतला दिवस कसा असे तो पाहा. पहाटे अंधारांत उठावयाचें, जोर मारावयाचे, बैठका काढावयाच्या, मग तांबड्या मातींत लढत. ती मातीहि साधी नव्हे. तींत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मळलेली असते. लढत झाली कीं अंगावरची माती वाळेपर्यंत बसावयाचें, आणि मग जोडीदारानें जोडीदाराचें अंग रगडून द्यावयाचें. यांत चोळून घेणाऱ्याइतकाच चोळणाऱ्याचाहि फायदा आहे, कारण दुसऱ्याची भरलेली मांडी रगडतांना मनगट आणि पकड तयार होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच कोल्हापुरांत कॉलेजांत शिकत असतां तयार झाले आणि १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली आणि कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण टाकलें, हेंहि जातां जातां सांगून ठेवितों. कारण आजकाल खेळाडू पदक घेऊन आल्यावर हार घालावयास गर्दी होते, पण तो जावयास निघतो तेव्हां स्टँडवर कोणी नसतो.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या हजार वर्षांहून जुन्या वैद्यकग्रंथांत सांगितलें आहे कीं व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेंच करावा आणि तो झाल्यावर सर्व अंग सुख वाटेल असें चोळावें. ग्रंथ संस्कृतांत. तालमीच्या वस्तादाला त्यांतलें एक अक्षर वाचतां येत नसे, पण त्याच्या तालमींत घडत होतें तें हेंच. विद्या जशी पोथींत असते तशी ती हातांतहि असते. फरक इतकाच कीं पोथीच्या विद्येला दक्षिणा मिळाली, आणि हाताच्या विद्येला लोकांनीं हलकें काम म्हणून नांवें ठेविलीं. आमचे न्हावी बंधू डोक्याची चंपी करतात, सुईणबाई तान्ह्या पोराला अंघोळ-मालिश करते. या दोघांच्या हातांतलें कसब एखाद्या परदेशी माणसाच्या हातांत असतें तर त्याच्या दारावर पाटी लागून तासाला हजार रुपये पडले असते. आणि तालमीनें आणखीहि एक काम केलें. पुण्यांत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजी मांग समाजांतले आणि त्यांच्या हाताखालीं शिकावयास गेलेले जोतीराव फुले माळी समाजांतले. ज्या काळीं सांवली पडली तरी विटाळ मानीत, त्या काळीं अंगाला अंग भिडविल्याशिवाय जेथें विद्याच मिळत नाहीं अशी ही शाळा होती.

मात्र तालमीचा एक दोषहि झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पैलवान तिशी-पस्तिशीला आखाडा सोडतो, पण खुराक सोडीत नाहीं. दूध, तूप, मटण पूर्ववत् आणि मेहनत बंद. दहा वर्षांत पोट पुढें येतें, गुडघे जातात, आणि ज्याला पाहून पोरें तालमींत जात त्याला पाहून आया आपल्या पोरांना तालमींतून परत आणतात. जन्मभर पुरेल असा व्यायाम तो खरा. पंचविशींत पांचशें जोर मारून पन्नाशींत खाटेवरून उठतांना हात टेकणाऱ्यापेक्षां, सत्तरीपर्यंत रोज वीस जोर मारणारा आम्हांस थोर वाटतो.

तेव्हां मालिशनें होतें काय आणि होत नाहीं काय, हें स्पष्ट समजून घ्यावें. कारण या बाबतींत भोंदूंनीं फार धुमाकूळ घातला आहे. मालिश केल्यानें अंगांत बळ येत नाहीं. चरबी झडत नाहीं. बळ येतें तें स्नायूला ओझें उचलावयास लावल्यानेंच. नवी मेहनत केल्यावर दुसऱ्या दिवशीं अंग ठणकतें तें आम्ल सांचल्यामुळें, आणि चोळल्यानें तें आम्ल निघून जातें, असें जिममध्यें छातीठोकपणें सांगतात. तेंहि खरें नव्हे. तें आम्ल तास-दीड तासांत रक्त आपोआपच वाहून नेतें. ठणका असतो तो स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या अतिसूक्ष्म चिरांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा. मालिशनें तो ठणका कमी वाटतो, आंखडलेलें अंग कांहीं काळ मोकळें होतें, झोंप बरी लागते. बस्स, एवढेंच. पण हें एवढेंच थोडें आहे काय? ज्याचें अंग ठणकतें तो दुसऱ्या दिवशीं व्यायामाला येत नाहीं आणि तिसऱ्या दिवशीं सोडूनच देतो. त्याला चौथ्या दिवशीं पुन्हां उभा करण्याचें काम तेलाचा हात करतो. व्यायाम ही नांगरट आहे आणि मालिश ही कुळवणी. नांगरटीवर कुळव फिरला तर रान पेरणीजोगें होतें. नुसताच कुळव पडीक रानावर कितीहि फिरवा, ढेकळाच्या खालची जमीन जशीच्या तशी.

यासाठीं लागतें काय? घरांतलें तेल. तिळाचें असो, करडईचें असो, खोबरेल असो. ज्या भागांत जें पिकतें तें चालतें. रंगीत बाटलींतलें दोनशें रुपयांचें तेल घेऊन जादा फळ मिळत नाहीं, जादा वास तेवढा येतो. चार-पांच चमचे तेल कोमट करून हातावर घ्यावें. तळपायापासून पोटरीकडे, पोटरीपासून मांडीकडे, मनगटापासून खांद्याकडे, असा हृदयाच्या दिशेनें हात चालवावा. मांसल जागीं दाब द्यावा; हाडावर, सांध्याच्या वाटीवर आणि पाठीच्या मणक्यांवर देऊं नये. दहा मिनिटें पुरे. मग अंघोळ.

आणि व्यायाम? आपलें काम ज्या बाजूला अंग ओढतें त्याच्या उलट बाजूला तें नेणें, हें सूत्र धरावें. दिवसभर पुढें वाकणाऱ्याला जोर मोठा गुणकारी आहे, कारण जोर मारतांना शेवटीं छाती वर येते आणि पाठ मागें वळते. ज्याला जमिनीवर जमत नाहीं त्यानें भिंतीला किंवा खाटेच्या माच्याला हात लावून मारावा. बसून काम करणाऱ्या शिंप्या-सोनारांनीं बैठका काढाव्या आणि दोन्ही हात डोक्यावरून मागें न्यावे. म्हाताऱ्या माणसांनीं हात न टेकतां खाटेवरून दहा वेळां उठावें-बसावें, आणि भिंत धरून एका पायावर उभें राहून पाहावें. म्हातारपणीं माणसें रोगानें जशीं अंथरुणाला खिळतात तशीं अंगणांत पडून खुबा मोडल्यानेंहि खिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्याला दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. हिशेब केला तर निदान रोजचीं वीस-पंचवीस मिनिटें झालीं. पारावर तंबाखू मळण्यांत याहून अधिक जातात.

आतां आमच्या भगिनींविषयीं लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. बाळंतपणाचा सव्वा महिना सोडला तर आपल्या बाईच्या अंगाला तेलाचा हात लागतो केव्हां? ती पोराला चोळते, सासूचे पाय दाबते, नवऱ्याची पाठ रगडते. गड्याहून दोन तास आधीं उठते आणि दोन तास मागून निजते. तिच्या पोटऱ्या रात्रीं वळतात तेव्हां ती अंथरुणांतल्या अंथरुणांत तोंडांत पदर घालून उठते, कोणाची झोंप मोडूं नये म्हणून. शेतकरी बंधूंनो, बायकोचे पाय चोळल्यानें पुरुषाची अब्रू जाते अशी समजूत कोठल्या शास्त्रांत लिहिली आहे तें आम्हांस दाखवा. शास्त्रांत असेलहि म्हणा, शास्त्रांत काय नाहीं! पण ज्या हातानें बैलाचा खांदा मळतां त्याच हातानें घरच्या लक्ष्मीची पोटरी चोळण्यांत कमीपणा मानूं नका. आठवड्यांतून एक दिवस, बाजाराचा दिवस धरा, रात्रीं घरांत वाटी भरून तेल कोमट करावें आणि ज्यानें-त्यानें एकमेकांचें अंग चोळावें. पोरांनींहि शिकावें. त्यांचे लहान हात म्हाताऱ्यांच्या पाठीला फार बरे वाटतात.

तेल कोठें लावूं नये हेंहि ध्यानांत ठेवा. तापांत, अंगावर गळूं किंवा खरूज असतां, ताज्या मुरगळीवर सूज असतां चोळूं नये. हाड मोडल्याची शंका असली तर चोळणें नाहीं आणि करकचून पट्टी बांधणेंहि नाहीं; घट्ट पट्टीनें रक्त थांबून हात-पाय काढावा लागतो. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखूं लागली, तर तिला हात लावूं नका. शिरेंत रक्ताची गुठळी झालेली असूं शकते, आणि ती चोळल्यानें सुटून फुप्फुसांत गेली तर माणूस बसल्या जागीं जातो. तडक दवाखाना गांठावा. साखरेच्या रोग्याच्या तळपायाला पुष्कळदां जाणीव राहिलेली नसते, म्हणून तेथें कढत तेल आणि शेक वर्ज्य. कंबर दुखतां दुखतां पाय लुळा पडूं लागला किंवा लघवी कळेनाशी झाली, तर तें चोळण्याचें दुखणें नव्हे. तान्ह्या मुलाच्या नाकाकानांत तेल सोडण्याची चाल मात्र बंदच झाली पाहिजे. नाकांतलें तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होतो. आणि आमच्या न्हावी बंधूंना हात जोडून विनंती आहे कीं चंपी खुशाल करा, पण शेवटीं गिऱ्हाइकाची मान कडकन् मोडण्याचा खेळ सोडा. मानेंतून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी अशा हिसक्यानें फाटूं शकते आणि पक्षाघात होतो. गिऱ्हाईक स्वतः मागूं लागलें तरी देऊं नका.

इकडे तालमी ओस पडत चालल्या आणि तालुक्याच्या गांवीं जिम निघाल्या. जिम वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. लोखंड उचलल्यानेंहि बळ येतेंच. पण तेथें महिन्याच्या फीवर थांबत नाहीं. पुढें भुकटीचा डबा येतो, आणि त्याच्याहि पुढें सुई. आपल्याच भागांतलीं पोरें रक्तदाब वाढविण्याचें मेफेंटरमाइन नांवाचें औषध दम टिकावा म्हणून टोचून घेतात, हें वर्तमानपत्रांत वारंवार आलें आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टरनें वापरावयाचें तें औषध. त्यानें हृदय चौखूर उधळतें आणि पुढें व्यसन लागतें. भुईमूग, हरभरा, दूध आणि अंडें ज्या घरांत आहे त्या घरच्या पोरानें डब्यासाठीं बापाला उचल काढावयास लावावी, याची आम्हांस चीड येते. शाळेंतहि कवायतीचा तास कागदोपत्रींच राहतो आणि त्या तासाला गणित उरकून घेतात, हें आम्हांस आंतून ठाऊक आहे. तेव्हां दोष एकट्या पोरांच्या माथीं मारतां येत नाहीं.

आमच्या पंचक्रोशींत निदान तीन गांवांत जुन्या तालमी दगडी बांधणीच्या अजून उभ्या आहेत. एकींत खताचीं पोतीं आहेत, एकींत गणपतीचा मांडव गुंडाळून ठेविलेला असतो, आणि तिसरीची किल्ली कोणाकडे आहे याचाच पत्ता नाहीं. येत्या ग्रामसभेंत एवढा एकच विषय मांडा, कीं तालीम रिकामी करून द्यावी. पहाट मुलांना द्या. दुपार कलल्यावरची वेळ मुलींना आणि बायांना द्या, आणि त्या वेळीं किल्ली त्यांच्याच हातीं ठेवा. बाजाराच्या दिवशीं म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसूं द्या. गांवांत एखादा जुना पैलवान असतोच. त्याला वस्ताद म्हणून बोलवा, त्याचेहि गुडघे त्या निमित्तानें हलतील. न्हावीदादा आणि सुईणबाई यांना महिन्याकाठीं कांहीं ठरवून देऊन त्यांच्याकडून मालिशचा हात नव्या पोरापोरींना शिकवून घ्या. तेलाला घरटी एक वाटी. खताचीं पोतीं पावसाळ्याच्या तोंडावर शेतांत जावयाचींच आहेत. तीं उचलतील त्याच दिवशीं आखाड्यांत पहिली कुदळ पडूं द्या, आणि माती दोन हात खोल उकरून चार दिवस उन्हांत तापूं द्या.